एका प्रक्षेपकाच्या अनेक बोली

नागपूरकडील एका वाचक गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं हौशी बिनतारी संदेशवहनाचा परवाना मिळविला आणि वर्षभर साठविलेल्या पैशांतून एक यंत्र विकत घेतलें. यंत्राच्या माहितीपुस्तकांत पहिल्याच पानावर ‘१०० वॅट’ असें ठळक छापलें आहे; परंतु मागील एका कोष्टकांत एएम पद्धतीच्या रकान्यांत मात्र ‘२५ वॅट’ असा आंकडा आहे. ‘यंत्र एक, त्यांतील वर्धक एक, वीजपुरवठा एक, मग एका पद्धतीनें बोललें तर शंभर आणि दुसरीनें बोललें तर पंचवीस, हा न्याय कोठला? दुकानदारानें मुलास फसविलें तर नाहीं ना?’ असा त्यांचा प्रश्न आहे. मुलगा त्या दिवसापासून यंत्रास हात लावीत नाहीं, असेंही त्यांनीं कळविलें आहे.

फसवणूक झालेली नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. पण तसें कां, हें सांगावयाचें तर एका जुन्या व अजूनही न सुटलेल्या वादांत शिरावें लागतें. एकाच यंत्रानें अनेक बोली बोलाव्यात असें ठरविलें म्हणजे त्या यंत्राचा कोणता भाग सर्वांनीं मिळून वापरावयाचा आणि कोणता प्रत्येक बोलीस स्वतंत्र द्यावयाचा, हा तो वाद होय. आपल्या खिशांतील मोबाईलपासून आकाशवाणीच्या केंद्रापर्यंत सर्वत्र तो चालूं आहे.

प्रक्षेपकांतून प्रथम निघते ती वाहक लहर. सेकंदास लाखों वेळां ती हेलकावे घेते, पण त्या हेलकाव्यांत सांगण्याजोगें कांहींच नसतें. ती मुकी असते. तिच्यावर आपल्या वाणीचा संस्कार करावा लागतो. इंग्रजी शास्त्रग्रंथांत यास मॉड्युलेशन म्हणतात. या लेखापुरता आपण ‘संस्कार’ हाच शब्द योजूं. सर्वांत साधा संस्कार तारेचा: कळ दाबली कीं लहर सुरू, सोडली कीं बंद. दुसरा एएम, यांत आवाजाच्या चढउताराप्रमाणें लहरीची उंची कमीअधिक होते. तिसरा एफएम, यांत उंची जशीच्या तशी राहते आणि कंपनसंख्या किंचित् पुढें-मागें सरकते.

चौथा प्रकार थोडा निराळा आहे. समजा, १००० किलोहर्ट्‌झच्या वाहक लहरीवर एक किलोहर्ट्‌झच्या शिटीचा एएम संस्कार केला. तर आकाशांत एकच लहर न जातां ९९९, १००० आणि १००१ अशा तीन लहरी जातात. मधली मूळ वाहक, दोन्ही बाजूंच्या त्या पार्श्वलहरी. दोन्ही पार्श्वलहरींत मजकूर एकच असतो आणि मधलींत तर मुळींच नसतो; तरी संस्कार पूर्ण असतांनाही एकूण शक्तीपैकीं दोनतृतीयांश भाग त्या मधल्या मुक्या लहरीच्या वांट्यास जातो. मग एकच पार्श्व पाठवावें आणि बाकीचें सर्व गाळावें, हा विचार अमेरिकेंत जॉन कार्सन यांनीं १९१५ सालीं मांडला. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्यें ७ जानेवारी १९२७ रोजीं लोकांसाठीं सुरू झालेला बिनतारी दूरध्वनि याच एकपार्श्व पद्धतीवर चालत असे. नागपूरच्या चिरंजीवांचें यंत्र ज्या बोलींत शंभर वॅट देतें, ती हीच.

आतां या चारही बोलींस वर्धक एकच ठेवावयाचा असें म्हटलें, कीं अडचणीस आरंभ होतो. प्रक्षेपकाचा शेवटचा वर्धक हा त्याचा सर्वांत महाग, सर्वांत तापणारा आणि सर्वांत अधिक वीज खाणारा भाग. सर्वांमध्यें वांटून घ्यावा असा भाग कोणता असेल तर तोच. पण वर्धक दोन स्वभावांचे असतात. एक काटकसरी. पाळण्याची दोरी हातांत घेऊन बसलेली आई प्रत्येक हेलकाव्यास नेमक्या क्षणीं एक लहानसा हिसका देते आणि उरलेला वेळ स्वस्थ बसते. पाळणा मात्र अखंड हालत राहतो. हा वर्धक तसा आहे. प्रत्येक आवर्तनांत तो अर्ध्याहूनही कमी वेळ काम करतो, आणि घेतलेल्या विजेपैकीं तीनचतुर्थांश अथवा त्याहून अधिक लहरींत उतरवितो. त्याचा दोष असा कीं प्रमाण त्यास कळत नाहीं. आंत येणारी लहर फारच लहान असली तर तो दोरीस हातच लावीत नाहीं, आणि पुरेशी मोठी असली तर ती किती मोठी याचें त्यास सोयरसुतक नसतें.

दुसरा समप्रमाण वर्धक. आंत जितकें, बाहेर त्याच्या नेमक्या पटीनें. हा पाळण्यास सारा वेळ हातानें धरून बसतो म्हणाना. या जातींतील सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या वर्गाची शक्तीची वसुली गणितानें जास्तींत जास्त शेंकडा ७८·५ येते. पण तीही लहर पूर्ण उंचीवर असतांनाच. उंची निम्मी झाली कीं वसुली निम्म्यावर, म्हणजे सुमारें ३९ वर येते, आणि उरलेली सारी वीज उष्णता होऊन यंत्रास तापविते. मनुष्याचें बोलणें बहुतेक वेळ पूर्ण उंचीच्या पुष्कळच खालीं असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

तारेस आणि एफएमला काटकसरी वर्धक चालतो, कारण तेथें उंचीचें सूक्ष्म प्रमाण राखावयाचेंच नसतें. एएमसाठीं जुन्या यंत्रकारांनीं एक सुंदर युक्ति काढली होती. वर्धक काटकसरीच ठेवावयाचा, पण त्यास मिळणारा विजेचा दाब आवाजाप्रमाणें खालींवर करावयाचा; बाहेर पडणारी लहर त्या दाबाची आज्ञा तंतोतंत पाळते. एकपार्श्व लहर मात्र या दोहोंपैकीं कोठेंच बसत नाहीं. तिची उंचीही बदलते आणि कंपनसंख्याही बदलते. म्हणून तिला समप्रमाण वर्धकच हवा, असा सर्वांचा समज होता.

येथें नागपूरच्या प्रश्नाचा निकाल लावून टाकूं. चिरंजीवांच्या यंत्रांत सर्व बोलींसाठीं मिळून एकच समप्रमाण वर्धक आहे, आणि तो ऐन शिखरावर १०० वॅट देऊं शकतो. एकपार्श्व पद्धतींत मनुष्य गप्प असतां लहर शून्य असते, बोलूं लागतांच वर चढते, आणि शिखरें शंभरापर्यंत पोंचतात. पुस्तकांतील शंभर तो शिखराचा आंकडा आहे. एएममध्यें वाहक लहर अगोदरपासून उभी असते. आवाजाचा पूर्ण संस्कार झाला कीं तिची उंची क्षणभर दुप्पट होते, आणि उंची दुप्पट झाली कीं शक्ति चौपट. शिखर शंभरांत बसवावयाचें तर उभी वाहक लहर पंचवीस वॅटचीच ठेविली पाहिजे. म्हणजे दोन्ही आंकडे एकाच पातेल्याचे आहेत; एक कांठोकांठ भरलें असतांचा आणि दुसरा, उतू जाऊं नये म्हणून कोठपर्यंत भरावें त्याचा. मुलानें एएमवर बोलतांना हौसेनें शक्तीचा खुंटा वर पिळूं नये. आवाज फाटेल आणि शेजारच्या कंपनसंख्यांवर बोलणाऱ्यांस उपद्रव होईल, यापलीकडे लाभ कांहीं नाहीं. तारेच्या व एफएमच्या रकान्यांत शंभर असला, तरी तेथें लहर दीर्घकाळ पूर्ण उंचीवर उभी राहते, आणि यंत्र बोलण्यापेक्षां फार अधिक तापतें. कांहीं कारखानदार अखंड प्रक्षेपणासाठीं शक्ति उतरवून ठेवण्यास सांगतात, तें याचसाठीं. सामायिक वस्तु सर्वांत अवघड पाहुण्याच्या मापानें घडवावी लागते. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या बायकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु समप्रमाण वर्धकावांचून गत्यंतरच नाहीं काय? १९५२ सालीं लेनर्ड कान या अमेरिकन अभियंत्यानें ‘आहे’ असें उत्तर दिलें, आणि आमच्या मतें या विषयांतील सर्वांत मनोहर विचार तोच होय. त्या वेळीं एएमचे मोठमोठे प्रक्षेपक ठिकठिकाणीं उभे होते. एकपार्श्व पद्धति उत्तम हें सर्वांस पटलें होतें. पण त्यासाठीं चांगले चालते प्रक्षेपक मोडीत काढून नवे घ्यावे लागणार होते. कान यांनीं विचारलें, कीं या जुन्याच यंत्राकडून ही नवी बोली बोलवून घेतां येणार नाहीं काय?

बाजाची पेटी वाजविणाऱ्याकडे पाहावें. त्याचा एक हात भात्यावर असतो, दुसरा पट्ट्यांवर. भात्याचा हात स्वराचा जोर ठरवितो. कोणता स्वर, याची त्यास वार्ताही नसते. पट्ट्यांवरील हात स्वर ठरवितो. त्याचा जोर त्याच्या हातीं नसतो. दोन्ही मिळून पद उभें राहतें. कान यांनीं एकपार्श्व लहरीचे असेच दोन भाग केले. प्रथम दुर्बल शक्तीची एकपार्श्व लहर सोयीस्कर रीतीनें तयार करावयाची. तिच्या उंचीचा आलेख एकीकडे काढून घ्यावयाचा, हा भाता. मग ती लहर छाटून तिची उंची सर्वत्र सारखी करावयाची, म्हणजे तिच्यांत केवळ हेलकाव्यांचा क्रम, शास्त्रीय भाषेंत जीस चंद्राच्या कलांप्रमाणें ‘कला’ म्हणतात, तेवढीच उरते, ह्या पट्ट्या. उंची सारखी झाल्यामुळें ही दुसरी लहर काटकसरी वर्धकांतून निर्वेध जाते. आणि त्या वर्धकाच्या वीजदाबावर पहिला आलेख चढविला कीं हरवलेली उंची पुन्हां जागेवर येते. वीजदाब खालींवर करणारें साधन एएमच्या प्रक्षेपकांत अगोदरपासूनच होतें. तेथें पूर्वीं गाणें जात असे; आतां उंचीचा आलेख जाऊं लागला, एवढाच काय तो फरक!

एकदां ही फोड लक्षांत आली म्हणजे चारही बोली एकाच व्याकरणांत बसतात. तारेंत कला स्थिर आणि भाता सुरू-बंद. एएममध्यें कला स्थिर आणि भाता हालता. एफएममध्यें भाता स्थिर आणि कला हालती. एकपार्श्वांत दोन्हीं हालतीं. वर्धक एक, दाबयंत्र एक, आणि चार बोली.

हें इतकें सुंदर असतां सर्वांनीं तेंच कां स्वीकारलें नाहीं? कारण पेटीचे दोन हात एकाच मनाच्या ताब्यांत असतात, आणि यंत्राचे दोन रस्ते तसे नसतात. उंचीचा आलेख एका वाटेनें येतो, कला दुसऱ्या वाटेनें. वाटेंतील प्रत्येक गाळणी थोडा विलंब लावते. दोघांची भेट सूक्ष्म काळानेंही चुकली तर पद बेसूर होतें, आणि गाळलेलें दुसरें पार्श्व पुन्हां डोकें वर काढतें.

याहून मोठी अडचण तंबोऱ्याच्या उदाहरणानें कळेल. जोडीच्या दोन तारा किंचित् बेमेळ असल्या कीं आवाज एकसारखा न येतां लाटालाटांनीं येतो. एकपार्श्व प्रक्षेपकांत १००० आणि १६०० हर्ट्‌झचे दोन सारखेच स्वर सोडले तर तसेंच होतें. सेकंदास ६०० वेळां लहरीची उंची शून्यापर्यंत उतरते व पुन्हां चढते. शून्याशीं आलेखाचा आकार गोलसर नसतो. चेंडू जमिनीवर आपटून उसळावा तसा तेथें टोंकदार कोपरा येतो. आणि नेमक्या त्याच क्षणीं कला एकदम १८० अंशांनीं उलटते. कोपरे आणि उड्या म्हणजे कंपनसंख्यांचा अफाट पसारा. मूळ लहर बिचारी दोन स्वरांची, अगदीं अरुंद. पण तिचे वेगळे केलेले दोन्ही भाग तिच्याहून कितीतरी रुंद! ते पुरते वाहून न्यावे तेव्हांच एकत्र आल्यावर तो पसारा परस्परांस मारतो. दाबयंत्र सुस्त असलें कीं कोपरे बोथट होतात, आणि उरलेला पसारा शेजाऱ्यांच्या माथीं बसतो. पुढें एकपार्श्व यंत्रांत समप्रमाण वर्धकच रूढ झाले.

तथापि जेथें विजेचा प्रत्येक वॅट मोलाचा, तेथें ही युक्ति पुनःपुन्हां परतली. हौशी लोकांसाठीं १५ नोव्हेंबर १९७४ रोजीं सोडलेल्या ऑस्कर-७ या उपग्रहांत जर्मनीच्या कार्ल माइन्झर यांनीं रचलेला जो पुनःप्रक्षेपक होता, त्यांत याच कुळांतील पद्धत योजिली होती. सूर्यकिरणांवर जगणाऱ्या यंत्रास उधळपट्टी कशी परवडावी? १९८१ सालीं त्याची बॅटरी निकामी होऊन तो मुका झाला, आणि २००२ सालीं, बॅटरीचा अंतर्गत दोष आपोआप उलटून, केवळ उन्हाच्या बळावर पुन्हां बोलूं लागला. नागपूरच्या चिरंजीवांनीं याची कथा मुळांतून अवश्य वाचावी.

मोबाईलमध्यें हा वाद नव्यानें पेटला. जीएसएम या जुन्या पद्धतींत लहरीची उंची कायम ठेवून केवळ कलेवर संस्कार होत असे, म्हणून काटकसरी वर्धक पुरे होई व बॅटरी टिके. पुढें २००३ पासून एज ही सुधारित पद्धत आली. तिच्यांत सेकंदास तींच सुमारें २,७०,८३३ चिन्हें, तोच २०० किलोहर्ट्‌झचा पट्टा; पण प्रत्येक चिन्हांत एकाऐवजीं तीन अंक भरले, आणि त्यामुळें उंची हालूं लागली. तरी रचनाकारांनीं एक शहाणपण केलें होतें. प्रत्येक चिन्हानंतर सारें चित्र ६७·५ अंशांनीं फिरवावयाचें; म्हणजे लहर एका स्थितींतून दुसरींत जातांना शून्यांतून कधींच जात नाहीं. वर सांगितलेला कोपरा आणि उलटी उडी येथें मुळांतच टळली! त्यामुळें या दोन बोलींसाठीं कान यांची फोड उत्तम जमली आणि अनेक कारखानदारांनीं ती आपल्या फोनमध्यें उतरविली.

याच्या जोडीला दुसरी वाट होती. एखादें गांव कोठें आहे हें दोन रीतींनीं सांगतां येतें: ‘अमुक दिशेस इतके कोस’ किंवा ‘पूर्वेस इतके कोस आणि उत्तरेस इतके’. उंची आणि कला ही पहिली रीत. दुसऱ्या रीतींत एकमेकींशीं काटकोनांत असलेल्या दोन लहरी कमीजास्त प्रमाणांत मिसळून हवी ती लहर घडवितात. डोनाल्ड वीव्हर यांनीं १९५६ सालीं याच धर्तीवर, तीक्ष्ण गाळण्यांवांचून, एकपार्श्व लहर निर्माण करून दाखविली. या रीतींत दोन्ही भाग मूळ लहरीहून रुंद होत नाहींत, आणि गणित करणारी चकती तोच संच कोणत्याही बोलीस वापरूं शकते; नवी बोली म्हणजे केवळ नवें गणित. उणें एवढेंच, कीं शेवटीं तो खर्चिक समप्रमाण वर्धक पुन्हां दारांत उभा राहतो. ४जी सारख्या रुंद पट्ट्याच्या बोलींनीं तीच वाट धरली. पण २०१३ च्या सुमारास फोनमध्यें एक तडजोड आली: वर्धक समप्रमाणच ठेवावयाचा, मात्र त्याचा वीजदाब लहरीच्या उंचीबरोबर खालींवर करीत राहावयाचें, म्हणजे निदान व्यर्थ तापणें वाचतें. भाता परत आला, परंतु आतां तो सूत्रधार नसून केवळ साथीदार आहे. आम्हांस ही तडजोड शहाणपणाची वाटते. तिच्यांत कान यांच्या कल्पनेचा डौल नाहीं, पण दोन हातांची वेळ थोडी चुकली तरी पद अगदींच बेसूर होत नाहीं.

आणि कान यांच्या मूळ प्रश्नास, जुन्या एएम प्रक्षेपकाकडून नवी बोली कशी बोलवावी यास, अर्धशतकानंतर मोठ्या प्रमाणावर उत्तर मिळालें. डीआरएम या अंकीय नभोवाणीचीं नियमित प्रक्षेपणें २००३ सालीं सुरू झालीं. आपल्या आकाशवाणीनें पुढील दशकांत मध्यम लहरींवर या पद्धतीचे तीसांहून अधिक प्रक्षेपक बसविले. एएम आणि अंकीय अशा दोन्ही बोली एकाच वेळीं, शेजारशेजारच्या पट्ट्यांत बोलण्याची त्यांची सोय आहे. डीआरएमची लहर पुष्कळ सूक्ष्म वाहक लहरींची मिळून बनलेली, म्हणून तिची उंची सारखी हालते. अशा लहरीसाठीं एएमचा प्रक्षेपक योजतांना सामान्यतः तिची तशीच फोड करतात. पूर्वीं जेथून गाणें आंत जाई त्या द्वारानें उंचीचा आलेख, आणि पूर्वीं जेथें स्फटिकाची स्थिर लहर येई तेथें कलेचा संस्कार झालेली लहर. दाबयंत्र पुरेसें चपळ हवें, ही कान यांच्या वेळची अट अजूनही आहे. पूर्वींच्या गाण्यास जेवढी रुंदी लागे तिच्या कितीतरी पट रुंदी आलेखास लागते, आणि जुना प्रक्षेपक त्या परीक्षेंत उतरला नाहीं तर त्याचें रूपांतर होऊं शकत नाहीं.

स्थलाभावामुळें एक गोष्ट राहिली. वर्धक सामायिक झाला तरी प्रत्येक पट्ट्याची गाळणी निराळीच ठेवावी लागते. चिरंजीवांच्या यंत्राचें झांकण उघडल्यास वेटोळ्यांची जी लहानशी रांग दिसेल, ती तीच. तिचा विचार पुढील अंकीं करूं. तोंवर यंत्र बंद करून, वीजपुरवठ्याची तार काढून, मगच झांकण उघडावें.